आळ आलेल्याची सावली

अहो पाव्हणे, थांबा! चढ चढून दमलात हे दिसतंय, पण त्या वडाखाली टेकू नका. ती सावली तुमच्या-आमच्यासाठी नाही. ज्याच्यावर आळ आलाय, त्याच्यासाठी राखलेली आहे. एवढ्या मोठ्या कातळाच्या सड्यावर, या उघड्या पठारावर, दुसरं झाड नाही. हे एकटं इथं कसं आलं, ते आमच्या कोंडसावड्यात असं सांगतात.

फार पूर्वी गावात द्वारकी नावाची सून होती. कामाला वाघीण. पण धाकटी जाऊ आवडू घरात आली आणि द्वारकीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेचना. आवडूचे घावणे जाळीदार, आवडूची चटणी चवदार. सासूच्या तोंडी उठता-बसता आवडू. "आणि मी काय नुसतं पाणी भरायला आले या घरात?" असं द्वारकी चुलीशी पुटपुटायची म्हणे.

एका वैशाखात ती भाजवळीवर होती. भाताच्या रोपांसाठी आम्ही पालापाचोळा पसरून जमीन भाजतो, तीच भाजवळ. निखारा विझेपर्यंत तिथून हलायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण द्वारकीला लांबून दिसलं, सासू आवडूचा हात धरून परसात निघालीय. झालं! म्हातारी आवडूला पाटल्या देणार, असं मनात आलं आणि ही निखारे तसेच टाकून धावली. कुडाआडून बघते तर काय, आवडू सासूच्या पायातला काटा काढत बसलेली! तेवढ्यात वारा सुटला. ठिणग्या उडाल्या आणि गवताच्या उडव्या, गोठे, देवळाचं छप्पर, सगळं पेटलं. दावणीची गुरंसुद्धा गेली.

गाव पिसाळलं. कुणीतरी म्हणालं, सकाळी आवडू शेजारून करवंटीत विस्तव नेत होती. बस्स! एकानं पाहिलं होतं, संध्याकाळपर्यंत साऱ्या गावानं पाहिलं. सासू घसा फोडून सांगत होती, "ती माझ्यापाशी होती हो!" लोक हसले. लाडक्या सुनेसाठी म्हातारी खोटंच बोलणार. मग गावच्या मानकऱ्यांनी, गावकरांनी, द्वारकीला विचारलं. दोघी जावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्यांना ठाऊक, म्हणून हिनं आवडूच्या बाजूनं सांगितलं असतं तर कुणीही मानलं असतं. द्वारकी म्हणाली, "मला काय ठाऊक? मी भाजवळीवरून हलले नाही."

दुसऱ्या सकाळी आवडूला आणून या कातळावर बसवलं. कबूल होईपर्यंत पाणी नाही. द्वारकी गर्दीत अगदी पुढे उभी होती. खोटं कशाला बोला, आधी तिला गारगार वाटलं. आता खा म्हणावं जाळीदार घावणे! पण ऊन चढलं, कातळ तव्यासारखा तापला, आवडूचे ओठ फाटले. तरी तिचं एकच, "मी नाही लावली." शेवटी तिनं गर्दीत शोधून द्वारकीकडे पाहिलं. "वहिनी, तुमचं ऐकतील हो हे."

द्वारकी पुढे झाली, स्वतःची सावली आवडूवर पडेल अशी उभी राहिली आणि ओरडली, "ती परसात होती. मी पाहिलंय! निखारे टाकून गेले ती मी."

तर गाव काय म्हणालं असेल? "मग हिलाच बसवा!" एकानं धोंडाही उचलला. कसं, का, कुणी विचारलं नाही. तेव्हा आवडूच द्वारकीचा पदर धरून कशीबशी उठली. "काल तुमची माझ्याबद्दल खात्री होती, आज हिच्याबद्दल. आधी विचाराल की नाही कुणी?"

धोंडा उचलणाऱ्यानं तो खाली टाकला. मग नीट विचारपूस झाली. जळालेलं उभारायला राबायचं, एवढ्यावर द्वारकी सुटली. पण जीव वाचला त्या घटकेलाही तिच्या मनात आलं म्हणे, मेली इथंही हीच मोठी ठरली! त्या जळफळाटाची तिला स्वतःलाच लाज वाटली. तिनं कातळाच्या भेगेत माती भरून वडाची फांदी रोवली आणि ओढ्यावरून पाणी वाहून वाहून जगवली.

आजही कुणावर आळ आला की त्याला तांब्याभर पाणी देऊन त्या सावलीत बसवतात, आणि बोट दाखवणारे इथं उन्हात उभे राहतात. ऐकीव सांगणारे फार वेळ टिकत नाहीत. द्वारकीनं झाड लावलं, जन्मभर पाणी घातलं. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? सारा गाव त्याला आवडूचा वड म्हणतो.