झाडलेला वाफा

"बुवा, माझीच रोपं का माना टाकतात?"

रेवणबुवा मांडवाखाली बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाणी देतोस?"

"सकाळ-संध्याकाळ."

"शेणखत?"

"तुमच्याइतकंच. रोपंही एकाच वाणाची. तरी..."

मठाच्या परसात वांग्याचे दोन वाफे होते, एक बुवांचा, एक मठात शिकायला आलेल्या त्र्यंबकाचा. तुझ्या वांग्याला फूल आलं की तुला अनुग्रह देईन, असा बुवांनी शब्द दिला होता. चैत्र लागला तरी फुलाचा पत्ता नव्हता. आता तर रोपंच जातात की राहतात, अशी गत झाली होती.

आणि त्याचा खरा जळफळाट वेगळाच होता. बुवांचा वाफा म्हणजे निव्वळ उकिरडा! वाळकं गवत, उसाचं पाचट, आंब्याचा पाला, सगळं रोपांच्या बुडाशी पसरलेलं. माती औषधालाही दिसायची नाही. आणि त्यातली वांगी मात्र खुशाल डोलत होती.

त्र्यंबकाचा वाफा बघावा तर कसा लख्ख. झाडलोट हीसुद्धा सेवाच, असं त्यानं मठात आल्या दिवशी ऐकलं आणि जे मनावर घेतलं ते घेतलंच. रोज पहाटे खराटा हातात. पान पडायचा अवकाश, हा उचलायला हजर. वाफ्याच्या कोपऱ्यावर चिमूटभर रांगोळीसुद्धा घालायचा पठ्ठ्या. आलेगेले कौतुक करायचे आणि याची छाती फुगायची.

"मी काडीसुद्धा राहू देत नाही," तो म्हणाला. "तुमच्यासारखा कचरा..."

त्यानं जीभ चावली.

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"चल."

ऊन नुसतं रणरणत होतं. बुवा वाफ्यांपाशी थांबले.

"तुझ्या वाफ्यात उभा राहा. वहाणा काढून. इतकी स्वच्छ जागा, वहाणा कशाला?"

त्र्यंबक मनातून सुखावला. वहाणा काढून तो रोपांच्या मधोमध उभा राहिला.

"आता डोळे मिट. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

...

एक पाय वर गेला. मग दुसरा. मग "आई गं!" करत त्यानं जी उडी ठोकली, ती थेट बुवांच्या वाफ्यात.

पायाखाली पाचट करकरलं. खाली ओल होती, गारवा होता. तळव्यांना इतकं बरं वाटलं की त्याला हसूच फुटलं. बुवाही पोट धरून हसले.

मग त्यांनी हसू आवरलं.

"पळून आलास?"

"पाय भाजले, बुवा."

बुवा त्र्यंबकाच्या रोपांकडे बघत राहिले...

"त्यांना पाय नाहीत रे."