बाईंचं शील्ड आणि जावईबापू

आंबेखिंड गावात एक भोळा जावई होता. नाव हणमंत, पण सगळा गाव हणमा म्हणायचा. वय बत्तीस, मिशी झुपकेदार, तब्येत ठणठणीत. खोड एकच होती. जे सांगाल ते तो ऐकायचा. आता तुम्ही म्हणाल, ह्यात वाईट काय? ऐका, म्हणजे कळेल.

त्याचे सासरे दामूअण्णा. एस.टी. स्टँडसमोर त्यांचं ॲक्रिलिकचं, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचं, दुकान होतं. दारावरच्या पाट्या, फोटोच्या चौकटी, सत्काराची शील्डं, सगळं तिथं व्हायचं. हणमा तिथंच कामाला होता. आणि जावई पडला, त्यामुळे अण्णांना त्याच्यावर तोंड सोडता यायचं नाही. कितीही डोकं फिरलं तरी आधी 'जावईबापू' म्हणायचं, मग पुढचं बोलायचं.

त्या वर्षी शाळेतल्या घोरपडेबाई निवृत्त होणार होत्या. गावानं ठरवलं, शनिवारी सत्कार करायचा, शाल आणि शील्ड द्यायचं. शील्डाचं काम अण्णांकडे आलं. ते ऐकून हणमा ताडकन उठला.

"मामा, बाईंचं शील्ड मी करणार. आणि बाईंच्या हातात मीच देणार."

अण्णा घाईघाईनं 'जावईबापू, नको' म्हणाले. पण त्यांची लेक शेवंता म्हणाली, "बाबा, करू द्या ह्यांना. चौथीत सगळ्यांनी ह्यांचा नाद सोडला होता. बाईंनी दोन वर्षं शेजारी बसवून पाढे शिकवले."

हणमाचे डोळे भरून आले. "सतरापर्यंत येतात मला," तो म्हणाला. "बाईंना एकदा दिसायला पाहिजे, की मला अजून काहीतरी जमतं."

अण्णा विरघळले. "करा," अण्णा म्हणाले. "पण आठवडाभर मी सांगेन तस्संच करायचं."

"तस्संच करतो," हणमा म्हणाला.

तिथंच अण्णांचं चुकलं.

सोमवारी अण्णांनी काम समजावलं. ॲक्रिलिक करवतीनं कापलं की कड पांढुरकी आणि खरखरीत निघते. ती पॉलिश पेपरनं घासायची. मग तिच्यावरून गॅसची ज्योत फिरवायची. कड जराशी वितळते आणि काचेसारखी चकचकीत होते. फळीवर तीन बर्नर होते. गच्चीचं डांबर वितळवायचा भलाथोरला, नळाचे पाइप जोडायचा मधला आणि पेनाएवढा एक बारका. "ह्यातला योग्य तो निवडा," असं म्हणून अण्णा गिऱ्हाइकाकडे वळले.

हणमानं भलाथोरला उचलला. भुस्स! अण्णा मागं बघतात तर ॲक्रिलिक पापडासारखं वळून टेबलाला चिकटलेलं.

"जावईबापू! अहो, हा कशाला घेतलात?"

"बाई केवढ्या मोठ्या, मामा. त्यांना एवढासा कसा चालेल?"

अण्णांनी दीर्घ श्वास घेतला. "वस्तू नाजूक असली की ज्योत बारीक घ्यायची. सुईसारखी, निळी. लक्षात ठेवा."

"ठेवलं," हणमा म्हणाला.

मंगळवारी सरपंच आणि सत्कार कमिटीची माणसं दुकानात आली. अण्णा म्हणाले, "जावईबापू, चहा टाका. नवे कप काढा, पण सांभाळून हं, फार नाजूक आहेत."

हणमा आत गेला. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. कमिटीच्या गप्पा संपल्या, मग एकमेकांची उणीदुणी काढून झाली, तरी चहा येईना. अण्णा आत जाऊन बघतात तर हणमा भांड्याखाली पेनाएवढा बर्नर धरून उकिडवा बसलेला. ज्योत सुईसारखी, निळी.

"अहो, हे काय चाललंय?"

"कप नाजूक आहेत ना, मामा."

तेवढ्यात बाहेरून सरपंच म्हणाले, "अण्णा, चहा पुढच्या सत्काराला घेऊ," आणि माणसं निघून गेली. अण्णांनी कपाळावर हात मारला. "जावईबापू, चहाला जाळ एका जागी ठेवायचा, आणि उकळी फुटेपर्यंत हलवायचा नाही. समजलं?"

"समजलं की."

बुधवारी हणमा कामाला बसला. बर्नर बारका घेतला, ज्योत निळी केली, कड छान घासून घेतली. अण्णांना बरं वाटलं, ते पाटी रंगवायला गेले. थोड्या वेळानं वास आला. बघतात तर हणमानं ज्योत कडेच्या एका टोकाला धरलेली. हात जागचा हलत नव्हता. ॲक्रिलिकमध्ये बुडबुडे येत होते.

"मामा, फुटली! उकळी फुटली!" हणमा आनंदानं ओरडला.

"जावईबापू!" अण्णांचा आवाज चिरकला. "एका जागी थांबायचंच नाही हो! थांबलात की बुडबुडे येतात. सरकत राहायचं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका चालीनं!"

"आता पक्कं बसलं डोक्यात," हणमा म्हणाला. आणि खरंच बसलं होतं.

गुरुवारी शाळेच्या फाटकावर सत्काराचं कापड बांधायचं होतं. अण्णा दोरी घेऊन शिडीवर चढले. खाली शिडी धरायला हणमा. अण्णांनी एक गाठ मारली न मारली, तोच शिडी निघाली. हळूहळू, एका चालीनं, फाटकाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अण्णांनी वरच्या कमानीला मिठी मारली म्हणून वाचले. शिडी पुढं गेली, अण्णा तिथंच लोंबकळत राहिले. मधली सुट्टी झालेली. सगळी शाळा बघायला आली.

"अहो, शिडी! शिडी कुठं नेताय?"

"थांबलं की बुडबुडे येतात, मामा!"

अण्णा वरूनच ओरडले, "जावईबापू, धरलं की घट्ट धरायचं! काहीही होवो, मी 'सोडा' म्हणेपर्यंत सोडायचं नाही!"

"हे आधी सांगायचं ना," हणमा म्हणाला. त्याला जरा रागच आला होता.

शुक्रवारी सकाळी अण्णांनी एका तुकड्याची कड स्वतः करून दाखवली आणि सवयीनं म्हणाले, "हे धरा जरा." हणमानं धरलं. नेमकी गरम कड धरली, आणि घट्ट धरली. त्याचा चेहरा लाल झाला. मग तो एका पायावर नाचू लागला. मग दुसऱ्या.

"अहो, टाका ना खाली!"

"तुम्ही 'सोडा' कुठं म्हणालात?"

"सोडा! सोडा हो सोडा!"

तेव्हा कुठं त्यानं सोडलं. कडेवर चार बोटांचे ठसे छान उमटले होते. शेवंतानं त्याच्या बोटांना तूप लावलं आणि बापाकडे असं बघितलं, की बापानं मान खाली घातली.

अण्णांनी मग हात जोडले. "जावईबापू, उद्या सत्कार आहे. एक शेवटचं सांगतो, तेवढं ऐका. जी गोष्ट आपण पहिल्यांदा करतोय, ती थेट चांगल्यावर करायची नाही. आधी टाकाऊवर करून बघायची. जमली, की मग चांगल्यावर."

"हे फार चांगलं सांगितलंत, मामा."

हणमा टाकाऊ तुकड्यांचं खोकं घेऊन बसला. पहिल्या तुकड्याला बुडबुडे आले. दुसरा वळला. तिसरा काळा पडला. जेवायला उठला नाही. एकेचाळिसावा तुकडा काचेसारखा चमकला. मग त्यानं बाईंचं शील्ड समोर घेतलं. बारीक निळी ज्योत कडेवरून एका चालीनं सरकत गेली, आणि कड लखलखली. अण्णांनी तिच्यावरून बोट फिरवलं. "जावईबापू..." ते म्हणाले आणि पहिल्यांदाच पुढं 'शाब्बास' म्हणाले.

अण्णा त्या दिवशी निर्धास्त होते. बिचारे!

शनिवारी शाळेच्या पटांगणात मांडव भरला. समारंभ नऊचा. पाहुणे म्हणून तालुक्याचे साहेब बोलावलेले. साहेब आले साडेअकराला. आल्यावर तासभर बोलले, ते सगळं स्वतःबद्दल. मधे दोनदा घोरपडेबाईंना घोडकेबाई म्हणाले. लोकांनी टोप्यांनी वारा घेतला, पोरं पेंगली. बाई मात्र शांत बसून होत्या.

शेवटी माइकवरून माळीगुरुजी म्हणाले, "आता शाल आणि शील्ड देऊन बाईंचा सत्कार करतील त्यांचे विद्यार्थी, हणमंतराव!"

हणमा वर आला. शील्ड टेबलावर ठेवलं, शाल उघडली आणि थबकला. त्यानं आयुष्यात कुणाला शाल घातली नव्हती. ही पहिलीच वेळ. समोर बाई, कडक इस्त्रीच्या पातळात. आणि थेट त्यांनाच घालायची? छे छे! हणमानं व्यासपीठावर नजर फिरवली. गुरुजी? नको, ते अजून शिकवतात. सरपंच? नको, त्यांनी गावात पाणी आणलं. नजर पुढं सरकली आणि साहेबांवर थांबली.

हणमानं जाऊन शाल साहेबांच्या खांद्यावर घातली. साहेब हसले. हात जोडले. फोटोसुद्धा निघाला.

"अहो हणमंतराव," गुरुजी माइकवर कुजबुजले, "शाल बाईंची आहे!"

हणमा माइकपाशी वाकला. "बाईंचीच आहे, गुरुजी. पण मी पहिल्यांदाच घालतोय. म्हणून आधी टाकाऊवर करून बघतोय."

पेंगणारी पोरं जागी झाली. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं. आणि मग काय विचारता! म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सरपंच टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. साहेब तावातावानं उठायला गेले. पण हणमानं शालीची दोन्ही टोकं धरली होती, आणि घट्ट धरली होती. साहेब ओढतायत, हणमा सोडत नाही.

"मामा," त्यानं माइकवरून विचारलं, "सोडू का?"

"सोडा!" अण्णा पहिल्या रांगेतून किंचाळले. "सोडा हो, सोडा!"

हणमानं सोडलं. साहेब धपकन खुर्चीत बसले.

बाई पदरानं डोळे पुसत होत्या. हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. "जमली रे हणमंता," त्या म्हणाल्या. "आता मला घाल."

हणमानं साहेबांच्या खांद्यावरची शाल उचलली आणि बाईंना घातली. इतकी नेटकी, की एक सुरकुती नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यानं टेबलावरचं शील्ड उचललं. उन्हात त्याची कड लखलखली. बाईंनी वाकून तिच्यावरून बोट फिरवलं.

"ही कड तू केलीस?"

"होय, बाई. मीच."

"आण इकडं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

हणमाचा ऊर भरून आला. ह्याच क्षणासाठी त्यानं बोटं पोळून घेतली होती. आता इथं चूक होऊन चालणार नव्हती. तो बाईंच्या दिशेनं एक पाऊल पुढं गेला, थबकला आणि शील्ड घेऊन मागं वळला.

"साहेब," तो म्हणाला, "जरा पुन्हा उभं राहता का? शील्डसुद्धा मी कधी कुणाला दिलेलं नाही."