लाल मुंडाशाचा माणूस

"पण यात फसायचं कधी?" मठाचे प्रमुख धुंडीबुवांनी विचारलं.

"फसायचं कशाला, बुवा? जिंकायचं असतं."

नारळ घेताना वाजवून बघावा, तसं बुवांनी लॅपटॉपवर बोटाने टकटक केलं. त्या वस्तूवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

समोर बसलेले कुरणे मास्तर मठाच्याच शाळेत इतिहास शिकवत. इतिहासाच्या तासाला लावायचा हा खेळ त्यांनी स्वतः सुट्टीभर खपून तयार केला होता. एका वर्गावर करून पाहिला होता, आता सोमवारपासून सगळ्या वर्गांना लावायचा होता. अडलं होतं ते बुवांच्या होकारावर. मास्तर तसे बुवांचे शिष्य, पण आज गुरूलाच चार गोष्टी शिकवायला आल्याच्या थाटात बसले होते.

"दाखव," बुवा म्हणाले.

पडद्यावर गड आला. गडाला वेढा पडतोय. पायथ्याच्या गावातली माणसं जीव मुठीत धरून वर पळत आली आहेत आणि बंद दरवाजा ठोठावताहेत. त्यांच्यात एक जण फितूर आहे. मुलाने किल्लेदार व्हायचं आणि कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचं. फितूर आत आला, तर गड गेला. दार उघडलंच नाही, तर ती माणसं गेली.

मास्तरांनी चुटकीसरशी लाल मुंडाशाचा माणूस बाहेर ठेवला, बाकीचे आत घेतले. तुताऱ्या वाजल्या.

"पुन्हा."

पुन्हा तुताऱ्या.

"तोच फितूर, हे तुला कसं कळलं?"

"दर वेळी तोच असतो."

"आणि मुलांना?"

"पहिल्या दिवशी नव्हतं कळलं. दोघीतिघी तर रडल्या. आता कुणी रडत नाही, पटापट जिंकतात." मास्तर खुशीत हसले. "पुस्तकातला धडा कुणाच्या लक्षात राहत नव्हता, बुवा. हा राहिला."

"हं... मुंडासं लक्षात राहिलं."

मास्तरांचं हसू मावळलं. म्हाताऱ्याला नवं काही खपायचं नाही, ही शंका त्यांना घरून निघतानाच होती.

"म्हणजे पुस्तकच बरं म्हणायचं?"

"पुस्तकात तरी वेगळं काय? तिथेही शेवटी गड कुणाकडे गेला ते लिहिलेलं असतंच."

"मग तुम्हाला हवं तरी काय?" मास्तर चिडलेच.

"सुरू कर."

मास्तरांनी सुरू केलं. बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि सरळ पडद्यावर टाकलं.

गड गेला. माणसं गेली. लाल मुंडासंही गेलं...

आवाज मात्र येत राहिला. दारावर थापा पडत होत्या. एक मूल रडत होतं. ते रडणं मास्तरांच्या धाकट्या लेकीचं. खेळात घालायला त्यांनीच ते मोबाईलवर टिपून घेतलं होतं. इतके दिवस त्यांनी ते नीट ऐकलंच नव्हतं.

त्यांचं बोट बटणावर अडकलं.

"बुवा, काही दिसत नाही."

"हं."

"बाहेर कोण आहे ते कळल्याशिवाय मी कसं..."

थापा वाढल्या. मूल रडतच होतं.

मास्तरांनी उपरण्याला हात घातला. बुवांनी तो वरच्या वर धरला, घट्ट.

"दार वाजतंय, किल्लेदार," ते म्हणाले. "लवकर ठरवा."