वस्तादांचा खुळखुळा

पिंपळफाट्यावर धोंडीराम वस्तादांचं गॅरेज होतं. डोळे मिटून गाडीचा आवाज ऐकायचा आणि तिथल्या तिथे रोग सांगायचा, हा त्यांचा थाट. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

एके सकाळी सगुणाबाईंची पिकअप टकटक वाजत आली. बाईंचा स्वतःचा बँड होता आणि त्यात हलगी त्या स्वतः वाजवायच्या.

वस्तादांनी डोळे मिटले. "इंजिन गेलं. खाली उतरवावं लागेल. आठवडा धरा."

"आठवडा? अहो, संध्याकाळी वरात आहे! आणि हा ताल मला इंजिनाचा वाटत नाही."

"बाई, तुम्ही हलगी बडवा! इंजिन सोडून दुसरं काही निघालं, तर तुमच्या वरातीत खुळखुळा वाजवीन!"

फाट्यावरची माणसं खो-खो हसली.

सगुणाबाईंनी वस्तादांना शेजारी बसवलं. गॅरेजपुढच्या उतारावर गाडी आणली, गिअर काढला आणि इंजिन बंद करून टाकलं. गाडी आपसूक घरंगळू लागली. आधी टक... टक..., मग वेग वाढला तशी टकटकटक!

"वस्ताद, इंजिन तर झोपलंय. मग बोलतंय कोण?"

गाडी थांबताच वस्ताद खाली शिरले. मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा झिजला होता. दुपारपर्यंत नवा बसला.

संध्याकाळी वरातीत बाईंनी त्यांच्या हातात खुळखुळा दिला. वस्तादांनी सवयीनं डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवा, वस्ताद," सगुणाबाई म्हणाल्या, "नाहीतर घोड्यावरून नवरदेवालाच खाली उतरवाल!"