पाण्यातला खांब

एका गावात एक नव्हे, चांगले दहा-बारा फोटोवाले होते. सगळे हौशी. कुणी दूध घालायचं, कुणी शाळेत शिकवायचं, आणि संध्याकाळ झाली की मोबाइल घेऊन मावळत्या सूर्यामागे धावायचं. दर पाडव्याला गावाचं कॅलेंडर निघे आणि त्यावर यांच्यापैकी एकाचा फोटो छापला जाई. मग वर्षभर तो फोटो घरोघरच्या भिंतीवर. एवढ्या मानासाठी माणसं एकमेकांशी बोलणं टाकत.

म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. फोटो दाखवायला जाताना कडुनिंबाचं पान आणि गुळाचा खडा सोबत न्यायचा. बघणाऱ्याने आधी पान चावायचं आणि फोटोतली खोट सांगायची. मग गूळ तोंडात टाकायचा आणि चांगलं काय ते सांगायचं. पान तोंडात असताना खोटं बोलायचं नाही, एवढाच नियम.

या फोटोवाल्यांत एक घड्याळजी होता. बारीक नजरेचा आणि कसबी हाताचा. कॅलेंडरवर बहुतेक त्याचाच फोटो असायचा. लोक आपल्याला मान देतात याची त्याला इतकी सवय झाली होती, की श्वासासारखं त्याकडे त्याचं लक्षही जात नसे.

मग गावात एका गिरणीवाल्याची सून नांदायला आली. दिवसभर दळण दळायची आणि मधल्या वेळात फोटो काढायची. घड्याळजीला ती गुरू मानी.

एका दुपारी ती पदराला हात पुसत त्याच्या दुकानात आली. कागदाच्या पुडीत पान आणि गूळ होता.

"काका, पाडव्यासाठी काढलाय. बघता का जरा?"

घड्याळजीने मोबाइल हातात घेतला. फोटो गिरणीतला होता. सगळीकडे अंधार. कौलाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप खाली आलेली, तिच्यात पीठ उडतंय, आणि त्या उजेडात पिठाने माखलेली सासू हसतेय. पापण्यासुद्धा पांढऱ्या!

घड्याळजी बघतच राहिला. असला फोटो आपण जन्मात काढला नाही, हे त्याला एका क्षणात कळलं. हिला येऊन दिवस किती झाले? हिला कुणी शिकवलं? आणि वर पुन्हा आपल्यालाच विचारायला येते!

"अंधार फार झालाय का हो?" तिने विचारलं.

घड्याळजीने अर्धं पान तोंडात टाकलं. खरं बोलावं की नको? जीभ कडूजहर झाली, पण मन त्याहून कडू होतं.

"फारच," तो म्हणाला. "सगळं उजळून टाक. आणि हे उडणारं पीठ पुसून काढ आधी. घाण दिसतं. कॅलेंडर म्हणजे कसं स्वच्छ पाहिजे!"

मग त्याने गूळ खाल्ला आणि म्हणाला, "सासू मात्र छान हसलीय."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. काकांचा शब्द म्हणजे शब्द.

घड्याळजीने मग आपला फोटो दाखवला. गावाच्या तळ्याचा होता. काठावर विजेचा खांब मध्येच येत होता, तो त्याने मोठ्या सफाईने पुसून टाकला होता. आकाश कसं निर्मळ दिसत होतं.

गिरणीवालीने उरलेलं पान चावलं आणि फोटो डोळ्यांजवळ धरला.

"काका, खांब काढलात वाटतं. पण पाण्यात त्याचं प्रतिबिंब राहिलंय बघा."

घड्याळजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोराच्या मनात चांदणं! आपण हिला खड्ड्यात घातलं, तशी हीही आपल्याला घालतेय, असंच त्याला वाटलं. माझ्याकडून चांगला फोटो बिघडवून घेते काय?

"लाट आहे ती," तो म्हणाला आणि त्याने मोबाइल खिशात टाकला.

संध्याकाळी एकदा त्याने फोटो उघडून पाहिला. पाण्यात एक काळी रेघ होती खरी. पण ते खांबाचं प्रतिबिंब आहे असं मानायचं, तर गिरणीवाली खरं बोलली असंही मानावं लागलं असतं. ते त्याच्याच्याने होईना. लाटच ती, असं म्हणून त्याने फोटो बंद केला.

पाडव्याच्या पंधरा दिवस आधी, एका संध्याकाळी कॅलेंडरचा फोटो निवडायला देवळापुढे पांढरा पडदा बांधला. सगळा गाव जमला. पडद्यावर तळं उमटलं मात्र, पोरांनी एकच गलका केला.

"खांब पाण्यात बुडाला! खांब पाण्यात बुडाला!"

भिंतीएवढ्या फोटोत पाण्यातला खांब तारांसकट लख्ख दिसत होता. बायका पदरात हसल्या. घड्याळजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग गिरणीवालीचा फोटो आला. गिरणी पांढरीफटक, पीठ नाही, उन्हाची तिरीप नाही. मध्ये सासू, ओळखपत्राला उभी राहावी तशी.

"अगं, गिरणीत पीठ कसं नाही?" गुरुजींनी विचारलं. "आणि एवढी उजळ कधी झाली तुमची गिरणी?"

"होतं पीठ. काकांनी पुसायला सांगितलं."

"मग आधीचा फोटो दाखव."

"त्याच्यावरच काम केलं हो. आधीचा राहिला नाही."

गुरुजी घड्याळजीकडे वळले. "तुम्ही पाहिला होतात ना? कसा होता?"

आता तरी खरं बोलायला काय हरकत होती? घड्याळजीच्या डोळ्यांपुढे ती तिरीप आली, त्या पांढऱ्या पापण्या आल्या. सारा गाव वाट बघत होता.

"होता आपला, बरा," तो म्हणाला.

गिरणीवालीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. दुकानात तो फोटोकडे किती वेळ टक लावून बसला होता, ते तिला आठवलं. ती सासूचा हात धरून घरी गेली.

बाकीच्यांचे फोटोही कुणाच्या मनात भरले नाहीत, तेव्हा त्या वर्षी कॅलेंडरवर सरपंचांचा हात जोडलेला फोटो आला. वर्षभर सगळ्या गावाने तो सोसला.

घड्याळजीने मात्र हाय खाल्ली नाही. पुढच्या पाडव्यासाठी त्याने जिवापाड मेहनत केली. पहाटे उठून, चिखलात बसून बगळ्यांचा एक फोटो काढला. पण मनाला चैन पडेना. फोटोत काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. दूधवाल्याला दाखवला, तो म्हणाला फक्कड. गुरुजी म्हणाले उत्तम. त्याला एकच नजर ठाऊक होती, जिला ते दिसलं असतं.

शेवटी लाज गुंडाळून, पान आणि गूळ घेऊन तो गिरणीत गेला.

"पोरी, खरं सांग. काय चुकलंय?"

गिरणीवालीने पान चावलं आणि फोटो पाहिला. एका कोपऱ्यावर तिची नजर थांबली. कपाळाला बारीकशी आठी पडली. तिला सापडलं होतं! घड्याळजीचा जीव कानांत गोळा झाला.

"छान आहे, काका," ती म्हणाली. मोबाइल परत देऊन दळण भरायला वळली.

घड्याळजी दारात उभा राहून त्या फोटोचा कोपरा न् कोपरा बघत होता. गिरणीची घरघर सुरू झाली. त्याला काही दिसेना.

तात्पर्य: मत्सरापोटी दुसऱ्याला खोटं सांगणाऱ्याला आधी खरं ऐकू येत नाही, आणि ते ऐकावंसं वाटतं तेव्हा सांगणारं कुणी उरत नाही.