शेंडेफळाची कुंची

डोंगराच्या पायथ्याला एक दाट रान होतं आणि त्या रानात, उंबराच्या सगळ्यात खालच्या फांदीवर, एका शिंपिणीनं दुकान मांडलेलं होतं. शिंपीण म्हणजे ते हिरव्या पाठीचं, चिमणीहूनही लहान पाखरू, बाळांनो, जे चोचीची सुई करतं आणि पानाला पान शिवतं. दुकान म्हणजे तरी काय, तर दोन पानांचा आडोसा आणि पुढं गिऱ्हाइकानं टेकायला सालीची एक ढलपी. पण थंडी जवळ आली की त्या ढलपीवर जागा मिळायची नाही, कारण रानातल्या पिल्लांच्या कुंच्या तीच शिवायची. कुंची म्हणजे डोकं, कान आणि पाठ एकदम झाकणारं मऊ पांघरूण. हनुवटीखाली बंद बांधला की पिल्लू आत आणि वारा बाहेर.

हा धंदा ती एकटीनं करत नव्हती. चैत्रात सावरीची बोंडं फुटून कापूस खाली पडला की खार तो वेचून आणायची, साठवायची आणि लागेल तसा पिंजून द्यायची. शेजारच्या बेचक्यात जाळं विणणारी कोळीण होती. ती त्यात आपलं सूत घालून कापड करायची. शिंपीण ते बेतायची आणि शिवायची. गिऱ्हाईक बोरं आणायचं, बिया आणायचं, आणि आलेलं तिघी वाटून खायच्या.

दुकानाचे नियम दोनच. पहिला नियम असा, की कापूस पडलेलाच घ्यायचा, झाडावरच्या बोंडाला हात लावायचा नाही. दुसरा नियम बाहेरून दिसायचा नाही. प्रत्येक कुंचीच्या शिवणीत आतल्या बाजूला चिंचोक्याएवढी रुंद पट्टी दुमडून ठेवलेली असायची. शिवणकाम करणारे तिला माया म्हणतात. पिल्लू वाढलं की आई कुंची परत आणायची, शिंपीण शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर काढायची आणि कुंची मोठी करून द्यायची. एकेक कुंची तीन-तीन हिवाळे जायची आणि मग धाकट्या भावंडाच्या अंगावर चढायची. मी कापडाच्या दुकानात उभं राहून म्हातारा झालो, तेव्हा एवढं माझं ऐका. गिऱ्हाईक जुना कपडा काखेत मारून ज्या दुकानात परत येतं, ते दुकान चांगलं चाललंय असं समजावं.

"अगं, गेल्या साली तर नवी दिली होती ना?" शिंपीण साळिंदरबाईला विचारायची.

"दिली होतीस गं. पण माझ्या पोरानं आतून भोकं पाडली."

"हिच्या पोराला कुंची म्हणजे निवडुंगाला अभ्रा!" सशीण म्हणायची, आणि ढलपीवरच्या साऱ्याजणी खो खो हसायच्या. साळिंदरबाईसुद्धा हसायची. शिंपीण तीही कुंची रफू करून द्यायची.

त्या वर्षी श्रावणात खारीला पिल्लू झालं. तिची आधीची चार पिल्लं मोठी होऊन आपापल्या झाडांवर गेली होती. हे शेंडेफळ. अंगानं किडकिडीत, आणि जरा गार वारा लागला की छाती घरघरायची. शिंपिणीनं कुणी न सांगता त्याला कुंची शिवून दिली होती. कार्तिकापर्यंत पिल्लू वाढलं आणि कुंची कानांवर बसेना. अजून कुणाच्या डोक्यात थंडीचा विचारही नव्हता, तेव्हा खार ती कुंची घेऊन दुकानात आली.

"ताई, एवढी उसवून मोठी करशील? ह्याच्या छातीचं तुला माहीतच आहे."

"ठेव त्या दुकानामागच्या ढोलीत. सगळ्यात आधी तुझीच."

खारीनं कुंची ढोलीत ठेवली. तोवर ढोली रिकामी होती, म्हणून ती तळाला गेली.

त्याच दुपारी नदीपलीकडच्या रानातून एक कोल्हा आला. शेपटी विंचरलेली, बोलणं मऊ. "शिंपीणबाई, तुमचं काम ऐकून आलोय. पौषात आमच्याकडे मोठी जत्रा भरते. पिल्लं नटून मिरवतात. मला शंभर कुंच्या हव्यात."

"शंभर?" शिंपीण हसली. "अहो, कापूस चैत्रात पडतो. जेवढा वेचला तेवढाच आहे. आता नवा कुठून आणू? बोंड तोडायचं नाही, हा आमचा नियम आहे."

"तोडा कोण म्हणतं? उलट तेच तर मला आवडलं. जत्रेत मी ओरडून सांगणार, की ह्या कुंच्यांसाठी झाडाला नखसुद्धा लागलेलं नाही." कोल्ह्यानं एक कुंची उलटी करून पाहिली. "हे आत काय दडवलंय?"

शिंपिणीनं पट्टीचं सांगितलं.

"बाई, जत्रा एका दिवसाची. त्या दिवसात कुठलं पिल्लू वाढणार आहे? ही पट्टी सोडली तर तुमच्या आहे त्या कापडात शंभर बसतात. कष्टाचं फळ म्हणून बोरांच्या टोपल्या तर देईनच, पण पलीकडच्या रानात तुमचं नाव होईल, ते वेगळं."

हा कोल्हा खोटं बोलत नव्हता, बाळांनो. गोष्टीतला कोल्हा फसवतोच, असं तुम्ही ऐकलं असेल. हा मात्र दिल्या शब्दाला जागणारा होता. माझ्या दुकानातही असा एक सज्जन कोल्हा एकदा येऊन गेला, आणि त्यानं आणलेले पेढेसुद्धा उत्तम होते. शिंपिणीनं जन्मभर 'एवढं शिवून दे गं' आणि 'कधी देतेस?' एवढंच ऐकलं होतं. तिचं नाव कुणी नदीपलीकडे घेईल, हे तिनं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. ती हो म्हणाली.

कोळिणीला ते पटलं नाही. "नाव घेऊन काय करशील? पंखाखाली घेऊन बसशील?"

"आठ पाय असून तू त्या बेचक्यातून कधी हलली नाहीस," शिंपीण फणकारली. "तुला काय कळणार!"

कोळीण परत विणू लागली. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत खारीचं पिंजणं सुरू झालं. पूर्वी ती दुपारी घरी जाऊन पिल्लाजवळ बसायची, ते बंद झालं. शेंडेफळ दिवसभर घरच्या ढोलीत एकटंच असे. बाकीच्या आया आपापल्या जुन्या कुंच्या घेऊन येत होत्या, आणि शिंपीण मान वर न करता सांगत होती, "ढोलीत ठेवा. जत्रा झाली की बघते." ढीग वाढत चालला. सगळ्यात आधी आलेली कुंची सगळ्यात खाली राहिली.

मार्गशीर्षातच गारठा उतरला. तळ्याच्या कडेला सकाळी गवत पांढरं दिसू लागलं. खार कापसाचा पिंजलेला गठ्ठा ठेवताना एकदा थांबली.

"ताई, त्या कुंचीचं..."

"हो गं, आहे माझ्या लक्षात. तुझी काय, घरचीच तर आहे! परक्याचा शब्द दिलाय तेवढा पाळू दे."

खार परत पिंजायला बसली. तिनं पुन्हा विचारलं नाही. घरच्यांची हीच तर अडचण असते, ती तगादा लावत नाहीत.

जत्रेला चार दिवस उरले आणि कापड संपलं. सात कुंच्या कमी पडत होत्या. शिंपीण ढोलीजवळ गेली. आत जुन्या कुंच्यांचा ढीग होता, आणि प्रत्येकीच्या शिवणीत एक पट्टी होती. 'मागाहून लावून देऊ,' ती मनाशी म्हणाली. चैत्राआधी पट्टीपुरतंही कापड मिळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ती एकेक कुंची उचलू लागली, शिवण उसवून पट्टी कापायची आणि शिवण होती तशी बंद करायची. पट्ट्यांना पट्ट्या जोडून सहा कुंच्या झाल्या. सातवीला थोडं कमी पडलं. तळाला एकच कुंची उरली होती, सगळ्यांत लहान. तिचा बंद पिल्लानं चघळून ओला केलेला, वाळून कडक झालेला होता. शिंपिणीची चोच क्षणभर थांबली. मग चालली.

शंभर कुंच्या वेळेवर पोचल्या. आपल्या कुंच्या मिरवताना बघाव्यात म्हणून शिंपीणही नदीपलीकडे उडून गेली. कोल्ह्यानं शब्द पाळला. "झाडाला नखसुद्धा लागलेलं नाही!" तो ओरडत होता, आणि जो तो विचारत होता, "शिंपीण कोण? कुठली?" शिंपीण फांदीवर बसून ऐकत राहिली. तेवढा एक दिवस ती फार सुखात होती, आणि ते सुख खोटं नव्हतं.

इकडे काम संपल्यावर खार रिकाम्या दुकानात आली. पिल्लाची घरघर दोन दिवसांपासून वाढली होती. ताई गावाला गेली आहे, तर आपणच शिवण उसवू, असा विचार करून तिनं ढोलीतून कुंची काढली आणि दातांनी टाके तोडले. आत हात घातला. पट्टी नव्हती. तिनं दुसरी बाजू पाहिली. तिथंही नव्हती. तिनं होते तसे टाके कसेबसे जोडले आणि कुंची पिल्लाला घातली. कान झाकले तर पाठ उघडी राहायची, पाठ झाकली तर कान. मग तिनं आपली शेपटी त्याच्याभोवती गुंडाळली आणि ती तशीच बसून राहिली.

जत्रा उठली तेव्हा शिंपिणीनं खाली पाहिलं. नदीच्या काठी चिखलात कुंच्या पडल्या होत्या. मिरवून झालं, हौस फिटली, पिल्लांनी काढून टाकल्या. पुढच्या वर्षी त्या कुणालाच होणार नव्हत्या, मग जपून ठेवायच्या कशाला? शिंपिणीनं त्यातली एक चांगलीशी निवडली, पाण्यात खळबळून धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. शेंडेफळाला नवीच देऊ, असं तिनं ठरवलं. कुंची चोचीत धरून ती सकाळी परत आली.

ढलपीवर साऱ्याजणी बसल्या होत्या. सशीण होती, साळिंदरबाई होती. कुणी हसत नव्हतं. कोळीण आपल्या बेचक्यातून पहिल्यांदाच खाली उतरून आली होती.

"शेंडेफळ गेलं," ती म्हणाली. "परवा सकाळी."

शिंपीण खारीच्या ढोलीकडे गेली. खार दाराशीच बसली होती. तिनं शिवी दिली नाही, आरोप केला नाही. शिंपिणीच्या चोचीतली कुंची तिनं हातात घेतली, मांडीवर पसरली, एखाद्या लहानशा अंगावर धरावी तशी हवेत धरली.

"त्याला मोठी झाली असती," ती म्हणाली. "पुढच्या साली बरोबर बसली असती."

मग इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं शिवण उलटून पाहिली. आत काही नव्हतं. तिनं कुंचीची नीट घडी केली आणि परत दिली.

"न्या, शिंपीणबाई."

तिनं ताई म्हटलं नव्हतं.

चैत्रात सावरीचा कापूस पडला. खार वेचायला आली, कारण दुसऱ्यांची पिल्लं होतीच. पहिल्याच विणलेल्या कापडातून शिंपिणीनं ढोलीतल्या प्रत्येक कुंचीला तिची पट्टी परत लावली. सगळ्यांत आधी खारीनं परत आणून ठेवलेल्या त्या लहान कुंचीला लावली, आणि लावताना टाके इतके बारीक घातले की तिचे डोळे दुखू लागले. कार्तिकात कोल्हा आला. "बाई, नाव झालंय तुमचं! ह्या वेळी दीडशे." शिंपीण ढोलीच्या तळातली कुंची उसवत होती. आता ती ढीग खालून काढायची. "आधी एवढं होऊ द्या," ती म्हणाली. कोल्हा दुपारपर्यंत थांबला, मग निघून गेला.

खार अजून त्या दुकानात कापूस पिंजते. काम चोख करते आणि शिंपीणबाई म्हणते. आडोशाच्या आत, देठाला, एक लहान कुंची टांगलेली आहे. तिच्या शिवणीत भरपूर कापड आहे, हवी तेवढी मोठी होईल. ढलपीवर बसलेल्या आया तिच्याकडे बघतात, पण ती कुणी मागत नाही.

तात्पर्य : ज्यांच्या हातांवर आपलं दुकान उभं आहे, ती माणसं तगादा लावत नाहीत म्हणून त्यांना शेवटी ठेवू नये. परक्यांच्या वाहवेसाठी त्यांच्या वाट्याचं कापलं, तर कापड पुढं पुन्हा मिळतं, पण ते ज्याच्यासाठी होतं तो थांबलेला नसतो.