तळघरातल्या सहा खाटा

“रिकाम्या तळघराचं काय लोणचं घालायचंय, मेट्रन?”

डॉक्टर अर्नेस्टीनचा आवाज पॅसेजभर घुमला. शिकागोहून पदवी घेऊन आली, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. अलाबामातल्या ह्या गावात काळ्यांसाठी हे एवढं एकच इस्पितळ, आणि त्यात फ्लूची साथ. सहा बायका पॅसेजमध्ये जमिनीवर गाद्या टाकून पडल्या होत्या. त्यातल्या मिसेस टॉलिव्हरना न्यूमोनिया. दार उघडलं की गार वारा थेट त्यांच्या छातीवर.

मेट्रन ओडेसा ग्रिग्ज चादरीची घडी घालत होत्या. हात थांबला नाही.

“तळघरात आजारी माणूस ठेवायचा नाही. पहिली वीट रचली तेव्हाच ठरलंय.”

“कुणी ठरवलं?”

“ज्यांनी विटा वाहिल्या, त्यांनी.”

ती गोष्ट अर्नेस्टीनला पाठ होती. गोऱ्यांच्या इस्पितळात काळ्या रोग्यांना तळघरात, बॉयलरशेजारी टाकत. मग हमालांनी, धोबिणींनी, चर्चमधल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी चार वर्षं रविवारी राबून हे इस्पितळ उभं केलं. ऐकताना दर वेळी तिचा ऊर भरून येई. पण...

“ते तळघर ओलं होतं. हे कोरडं आहे, उबदार आहे. तुमचा राग चाळीस वर्षांचा, मेट्रन. न्यूमोनिया आजचा!”

“खरं आहे.”

अर्नेस्टीन दचकली. ती भांडायच्या तयारीनं आली होती.

“चला, दाखवा. खाटा कुठे लावणार?”

खाली उतरून अर्नेस्टीननं पावलांनी जागा मोजली. “इथे तीन, तिथे तीन.”

“झोपा.”

“काय?”

“खाट येणाराय ना तिथे? मग व्हा आडव्या, डॉक्टरीणबाई. कोट धुऊन देईन मी.”

अर्नेस्टीन फरशीवर आडवी झाली. छताला लागून हातभर रुंदीची एक खिडकी होती, रस्त्याच्या पातळीला.

“काय दिसतं?”

“... बूट.”

“आणखी?”

एक बूट थांबला. वळला. निघून गेला.

“बूटच.”

मेट्रननी वर खिडकीकडे पाहिलं.

“माझी आईपण हेच म्हणाली होती. एकवीस दिवस होती त्या बॉयलरशेजारी.”

अर्नेस्टीन उठून बसली. कोट झटकायचंही तिला सुचलं नाही.

“पण मिसेस टॉलिव्हर...” आवाज पार खाली आला होता. “त्या तिथे वाऱ्यात मरतील, मेट्रन.”

“मरतील कशा? तुम्ही ओरडलात ते बरं केलंत, मला सुचलंच नव्हतं. माझ्या ऑफिसला दोन मोठ्या खिडक्या आहेत, बाहेर झाडं आहेत. दाटीवाटीनं सहा खाटा बसतील.”

“आणि तुमचं टेबल?”

मेट्रननी बाह्या वर सारल्या.

“इथे. मी कुठे आजारी आहे?”